वाचकांचे प्रश्न : मोडलेली वहिवाट

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मराठी ब्लॉगलेखन या एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेत आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. २००८ च्या सुमारास नागपुरात मराठीतून ब्लॉग लिहिणारे आम्ही चौदा जण एकमेकांच्या लेखनामुळेच परिचित झालो. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक जण इतवारीत किराणा दुकान चालवणारे, दोघी घर सांभाळून लिहिणाऱ्या. एकाने लेख टाकला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठ-दहा प्रतिसाद हमखास येत. हिवाळ्यात काटोल रस्त्यावर एका सदस्याच्या शेतात आम्ही हुरड्याला जमत असू. आज त्यांपैकी आम्ही तिघेच ब्लॉगवर लिहितो. बाकीचे फेसबुकवर लिहितात, आणि सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप गट आहे, जिथे बहुतेक करून सुप्रभातची चित्रे येतात. माझ्या मागच्या पाच लेखांवर मिळून एक प्रतिसाद आला. निघून गेलेल्यांचा राग येतो, आणि राग येतो याची लाजही वाटते. आम्ही तिघांनीही ब्लॉग बंद करून तिकडेच जावे, की इथेच लिहीत राहावे? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : रागाची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या माणसांनी आपले पहिले लेख वाचले, त्यांचे नसणे टोचणारच. मात्र ही मंडळी का गेली हे नीट पाहिले, तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच सापडेल.

आपण लिहू लागलात त्या काळात संगणकावर मराठी उमटवणे हीच मोठी खटपट होती. एकाच्या संगणकावर नीट दिसणारी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन येत, युनिकोड वापरा म्हणून एकमेकांच्या मागे लागावे लागे, आणि मराठी टंकलेखनाच्या बरहा किंवा गमभन या प्रणाली ज्याला आधी जमल्या तो दुसऱ्याला फोनवरून तासभर शिकवीत बसे. अडचण सगळ्यांची सारखी होती, त्यामुळे ओळखी घट्ट झाल्या. शिवाय कोणाचा नवा लेख आला हे कळण्याची सोय होती : मराठी ब्लॉगांच्या याद्या ठेवणारी संकेतस्थळे होती, आणि गूगल रीडरमध्ये आपल्या आवडीच्या वीस-पंचवीस ब्लॉगांवरचे नवे लेख एकाच पानावर गोळा होत. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले. ब्लॉग होते तिथेच राहिले, पण त्यांच्याकडे नेणारी वाट बुजली. पुढे फोनवर मराठी कळफलक सहज मिळू लागला, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि ज्या काकूंना संगणकासमोर बसण्याची सवड कधीच मिळाली नसती त्याही मराठीतून लिहू लागल्या. या सगळ्या उलथापालथीतली सर्वांत चांगली गोष्ट माझ्या मते हीच आहे. त्या ब्लॉगकडे वळल्या नाहीत इतकेच, कारण फोन उघडताच समोर व्हॉट्सॲप आणि फेसबुक होते, आणि भाऊ, भाचे, शाळेतल्या मैत्रिणी तिथे आधीच येऊन बसलेल्या होत्या. आपले अकरा सोबतीही याच कारणाने गेले असणार. आपल्याला सोडून जावे असे त्यांतल्या बहुतेकांच्या मनातही आले नसेल.

मी याला वहिवाट मोडणे म्हणते. बांधावरून जाणारी पायवाट कोणी मुद्दाम नांगरून टाकली नाही, तरी दोन पावसाळे तिच्यावर पाऊल पडले नाही की गवत चढते आणि वाट कुठून होती तेही सांगता येत नाही. एकमेकांच्या ओट्यावर जाऊन दोन शब्द बोलून येण्याच्या सवयीवर आपला चौदा जणांचा समाज उभा होता. लेख हे त्या जाण्यायेण्याचे निमित्त होते. पुन्हा उभी करायची आहे ती ही सवय, आणि तिच्यासाठी चौदाही जण परत यायला हवेत असे नाही.

ती उभी करण्यासारखी का आहे, याचे माझ्या जवळचे उदाहरण सांगते. माझ्या ब्लॉगवर २०११ मध्ये मी रोडग्यांवर वीसेक ओळी लिहिल्या होत्या. कणीक जाडसर दळून आणावी, गोळ्याला तेलाचे बोट लावून पदर घालावेत, गोवऱ्यांचा आर पडला की त्यावर रोडगे फिरवून भाजावेत आणि मग गरम राखेत पुरून ठेवावेत, एवढाच मजकूर होता. पहिल्या आठवड्यात सहा प्रतिसाद आले. मी रोडगे आणि पळसाच्या पानांत थापलेले पानगे यांची एका वाक्यात गल्लत केली होती, ती एका ताईंनी दाखवून दिली. दुसऱ्या एकांनी शेतातल्या मारुतीसमोर होणाऱ्या रोडग्यांच्या स्वयंपाकाची हकीकत लिहिली, त्यात वांग्याची भाजी कोणी करायची आणि वरण कोणी ढवळायचे हेसुद्धा होते. मग तीन वर्षे त्या पानावर कोणी आले नाही. २०१४ च्या चैत्रात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी गृहस्थांनी लिहिले, की त्यांच्या आई राखेतून काढलेला रोडगा फडक्यात धरून दोन्ही तळहातांनी दाबत असत, आणि तो तडकून आतून वाफ आली तरच त्याला ताटात घेत, नाहीतर पुन्हा राखेत. ते वाचून आधीच्या सहांपैकी दोघी परत आल्या आणि त्यांनी त्यांना उत्तर दिले. आज त्या पानावर माझ्या लेखाच्या चौपट मजकूर प्रतिसादांत आहे, आणि रोडग्यांविषयी शिकण्यासारखे जे काही आहे ते तिथेच आहे. हीच चर्चा व्हॉट्सॲपच्या गटात झाली असती तर कदाचित जास्त रंगली असती, पण दुपारपर्यंत वर सरकली असती. आणि त्या गृहस्थांना ती सापडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते आमच्या गटात नव्हते. फेसबुकच्या बंद गटातले लेखनही बाहेरच्या शोधात येत नाही. उशिरा येणाऱ्या वाचकासाठी दार उघडे असणे, हे ब्लॉगचे असे सामर्थ्य आहे की ज्याची जागा त्याच्यानंतर आलेल्या कोणत्याही माध्यमाने अजून भरून काढलेली नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रसंग आपल्या आधी येऊन गेला. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या लाइव्हजर्नलवर प्रत्येकाची जालनिशी, म्हणजे जालावरची रोजनिशी, होती, तिच्याखाली एकमेकांत गुंफलेले प्रतिसाद होते, आणि मित्रांचे नवे लेख एका पानावर दिसत. २००५ मध्ये ते एका अमेरिकन कंपनीने घेतले आणि २००७ च्या अखेरीस एका रशियन कंपनीने. मालक बदलले तसे नियम बदलले, आणि त्याच सुमारास फेसबुक, ट्विटर आणि टम्बलर यांनी माणसे ओढायला सुरुवात केली. तेव्हा तिथल्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांनी लाइव्हजर्नलची खुली प्रणाली घेऊन २००९ मध्ये ड्रीमविड्थ उभे केले. ते फार मोठे कधीच झाले नाही, पण जाहिरातींशिवाय, सदस्यांनी भरलेल्या पैशांवर ते अजून चालू आहे. तिथे जाणाऱ्याला आपले जुने लेख खालच्या प्रतिसादांसकट नेता येत होते, आणि ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. पुढे २०१७ मध्ये लाइव्हजर्नलने रशियन कायद्याला बांधलेल्या नव्या अटी लागू केल्या, तेव्हा आणखी पुष्कळ जण निघाले आणि सारा संसार घेऊन निघाले. याउलट आपल्याकडे गूगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी माणसांच्या कितीतरी कम्युनिटी होत्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, आणि आज तिथल्या गप्पा वाचायला जायचे म्हटले तर जागाच उरलेली नाही.

आपल्या भाषेतही टिकून राहिलेले उदाहरण आहे. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, म्हणजे ब्लॉग हा शब्द जन्माला येण्याच्या आधीपासून. तिथे गणेशोत्सवात दरवर्षी उपक्रम होतात, आणि एरवी दूर गेलेली माणसे त्या दिवसांत डोकावून जातात. ठरलेल्या दिवसाचा हा गुण आपल्याला उपयोगी पडेल.

आता थेट आपल्या प्रश्नाकडे येते. ब्लॉग बंद करू नका, पण तिघांचे तीन ब्लॉग वेगवेगळे चालवणेही थांबवा. तिघांनी मिळून एकाच पत्त्यावर लिहा. जुने तीन ब्लॉग आहेत तसे वाचण्यासाठी राहू द्या आणि प्रत्येकावर नव्या पत्त्याची एक ओळ ठेवा. जमल्यास स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या, म्हणजे पुढे सेवा बदलावी लागली तरी वाचकाला जुनाच पत्ता पुरेल. लेखन रोजचे नको. ब्लॉगसाठी अनुदिनी हा शब्द आपण एके काळी हौसेने वापरला, पण रोजच्या बोलण्याचे काम आता फोनने घेतले आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावे. महिन्याचा पहिला रविवार ठरवून त्या दिवशी एक लेख, तोही सवडीने लिहिलेला, एवढे पुरे आहे. मराठी वाचकाला तर वर्षातून एकदा येणाऱ्या अंकाचीही वाट पाहता येते. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ती सवय आहे. त्या अकरा जणांकडून दिवाळीला एकेक लेख मागा. दरमहा लिहा म्हटले तर ते संकोचतील, वर्षातून एक द्या म्हटले तर बहुतेक जण देतील, आणि जे फेसबुकवर लिहीत आहेत त्यांच्याकडे तर तो तयारच असेल.

निमंत्रण मात्र तिकडेच जायला हवे. नुसता दुवा टाकू नका. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरपणे सांगितले की घरच्यांच्या आणि मित्रांच्या मजकुराला आपण प्राधान्य देणार, आणि बाहेरच्या पानांचे दुवे तेव्हापासून आणखीच मागे पडले. लेखातला एक परिच्छेद तिथे द्या, त्याखाली एक खरा प्रश्न विचारा, आणि एका-एका माणसाला वेगळा निरोप पाठवा. ‘इतवारीतल्या मसाल्याच्या गल्लीवर लिहिले आहे, एक नाव आठवत नाही, तुम्ही वाचून सांगाल का?’ असा निरोप आपल्या त्या किराणा दुकानदार मित्रांना गेला, तर ते येतील. गटात आलेले एखादे चांगले उत्तर, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, ब्लॉगवर लेखाखाली त्यांच्या नावाने उतरवून ठेवा. परवानगी विचारायला संकोचू नका. आपले दोन शब्द कोणाला तरी जपून ठेवावेसे वाटतात, हे ऐकून माणसाला बरेच वाटते. आणि यंदा हुरड्याचे बोलावणे चौदाही जणांना करा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी बावीस वर्षांची आहे. आपल्याकडच्या बोलीतला एकेक शब्द घेऊन मी इन्स्टाग्रामवर दर आठवड्याला एक रील करते. आतापर्यंत नव्वद झाल्या. वडील म्हणतात, हे सगळे ब्लॉगवर लिहून ठेव. माझ्या मैत्रिणी म्हणतात, ब्लॉग आता कोण वाचते? कोणाचे ऐकू? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दोघांचेही ऐकता येईल. शब्दाचा उच्चार, त्यातला हेल, तो म्हणताना होणारा चेहरा हे रीलमध्येच कळते, आणि तुमच्या वयाची मुले तिथेच आहेत. ते काम थांबवू नका. पण नव्वद रील झाल्यावर ‘भेदरं’ (म्हणजे टोमॅटो) नेमके कितव्या रीलमध्ये होते हे तुम्हालाच खाली खाली सरकत शोधावे लागत असेल. चित्रफितीत बोललेला शब्द शोधणाऱ्याला सहज सापडत नाही, लिहिलेला सापडतो.

लिहिताना शब्द आणि अर्थ एवढ्यावर थांबू नका. ‘सांबार’ घ्या. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि म्हणूनच आपल्या वडीला सांबारवडी म्हणतात, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्याला दर वेळी समजावून सांगावे लागते. नोंद करताना शब्द, अर्थ, तो कोणत्या गावात ऐकला, बोलणाऱ्याचे साधारण वय, आणि त्या माणसाच्या तोंडचे एक पूर्ण वाक्य, जसेच्या तसे, असे सगळे घ्या. गाव विशेष महत्त्वाचे आहे. अकोल्याकडची वऱ्हाडी, नागपूरची बोली आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली यांना बाहेरचे लोक एकच समजतात. तुमच्या नोंदीत तरी त्या वेगळ्या राहू द्या.

रीलखाली येणाऱ्या टिप्पण्या मला तुमच्या रीलइतक्याच मोलाच्या वाटतात. ‘आमच्याकडे याला असे म्हणतात’ अशी प्रत्येक ओळ, गाव विचारून घेऊन, त्याच दिवशी नोंदीत उतरवा. आठवड्याला एक शब्द म्हणजे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि मागचे नव्वद शब्द रोज एक घेतला तर तीन महिन्यांत होतील. पहिल्यापासून नको, शेवटच्यापासून मागे जा, कारण अलीकडच्या टिप्पण्या लिहिणारी माणसे अजून उत्तर देण्याच्या मनःस्थितीत असतात.

प्रश्न : माझ्या ब्लॉगची प्रत कशी काढावी? काढण्याची खरेच गरज आहे का? – एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : गरज आहे. छापील पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. ब्लॉगसाठी तसे पाठवण्याचे बंधन आपल्याकडे पाळले जात नाही, म्हणून ती काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची. गूगलची ब्लॉगर ही सेवा वापरत असाल तर गूगल टेकआउटमध्ये, म्हणजे आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्या पानावर, जाऊन ब्लॉगर निवडा. लेख, प्रतिसाद आणि छायाचित्रे एकत्र मिळतात. वर्डप्रेसमध्ये निर्यातीची सोय आहे, तिथे छायाचित्रे वेगळी उतरवून घेतली का ते तपासा. ही फाइल संगणकावर एक आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडे एक अशी ठेवा. महत्त्वाच्या पानांचे पत्ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जालावरच्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात, जतन करा, त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि गूगलचे खाते निदान काही महिन्यांनी उघडत जा : सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकता येतील असा त्यांचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे.

प्रश्न : आमच्या ब्लॉगलेखक मित्रांपैकी एक जण दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा ब्लॉग अजून दिसतो. त्यांच्या पत्नींना तो जपायचा आहे, पण पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. आम्ही काय करू शकतो? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पासवर्डच्या मागे लागण्याआधी, याच आठवड्यात, जे बाहेरून दिसते आहे त्याची प्रत काढा. त्यांच्या खात्याची दोन वर्षे भरत आली असतील, त्यामुळे उशीर नको. तुम्ही चार-पाच जण एकत्र बसून वर्षे वाटून घ्या. प्रत्येक पान प्रतिसादांसकट पीडीएफ करून ठेवा आणि वेबॅक मशीनमध्येही जतन करा. आपले आपण करावे असे हे काम नाही, सोबत बसून करा. जुने लेख वाचताना गळा दाटून येतो, तेव्हा शेजारी कोणी असलेले बरे.

नंतर त्यांच्या पत्नींनी गूगलकडे अर्ज करावा. मृत व्यक्तीच्या खात्यातील माहिती मागण्याची रीत तिथे आहे, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र द्यावे लागते, आणि होकार मिळेलच असे नाही. त्यांचा जुना संगणक किंवा फोन घरात असेल तर तो पुसून कोणाला देऊ नका. पुष्कळदा खाते तिथे उघडेच राहिलेले असते, आणि पत्नींच्या संमतीने ते तिथूनच पाहता येईल. तुम्ही स्वतः मात्र आजच गूगलच्या इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये, म्हणजे खाते वापरात नसेल तेव्हा ते कोणाकडे सोपवायचे हे सांगून ठेवण्याच्या सोयीत, घरातल्या एका माणसाचे नाव घालून ठेवा.

खाते उघडले तर पहिल्यांदा प्रतिसादांचे पान पाहा. आपल्यापैकी पुष्कळ जण प्रतिसाद आधी तपासून मग प्रसिद्ध करत असू, आणि त्यांचीही तीच पद्धत असेल तर गेल्या दोन वर्षांत आलेले प्रतिसाद कोणालाही न दिसता तिथे थांबून असतील. ते आधी त्यांच्या पत्नींना वाचू द्या. प्रसिद्ध करायचे की नाही, ते नंतर त्या ठरवतील.